जुन्या कॉर्नवरून नव्यावर जाताना: हेक्स सोडा, कीमॅप आणि वेळा न्या

तुमची अडचण मला समजली ती अशी: २०२१ मध्ये मित्राने जुळवून दिलेला ४२ कळांचा कॉर्न, म्हणजे दोन अर्ध्यांत विभागलेला छोटा कीबोर्ड, प्रो मायक्रो या छोट्या नियंत्रक बोर्डावरचा. डाव्या अर्ध्याचं यूएसबी पोर्ट उखडून हातात आलं. आता नवा कॉर्न व्ही४ मागवलाय, आरपी२०४० चिपचा. हाताशी जुनी हेक्स फाइल, म्हणजे जुन्या बोर्डासाठी तयार झालेला प्रोग्रॅम, तेवढी आहे. नंतर वियातून, म्हणजे कळा बदलायच्या सॉफ्टवेअरमधून, जे बदल करत गेलात ते कुठेच लिहून ठेवलेले नाहीत. आणि दिवसभर मराठी डीटीपी करून मनगट असं दुखतंय की साध्या कीबोर्डवर चार दिवस काढणंही अवघड आहे. हीच हेक्स नव्यावर टाकली तर चालेल का, असं विचारलंय.

नाही चालणार. पण त्यामुळे बोर्ड बिघडेल अशी भीतीही बाळगू नका. हेक्स म्हणजे शिजवून झालेली आमटी. जुन्या बोर्डातली एटीमेगा३२यू४ ही ८ बिटांची चिप, नवी आरपी२०४० ३२ बिटांची आर्म. एकीची यंत्रभाषा दुसरीला कळत नाही. शिवाय कुठली रांग कुठल्या पिनला जोडली आहे हेही त्या हेक्समध्येच गोठलेलं असतं. जुन्या बोर्डाची पहिली रांग ‘डी४’ नावाच्या पिनवर होती, आणि नव्या चिपवर त्या नावाची पिनच नाही. त्या हेक्समधून तुमचा कीमॅप, म्हणजे कुठल्या कळेवर काय याचा तक्ता, वाचता येईल अशा रूपात परत काढणंही व्यवहारात शक्य नाही. तेव्हा तिच्यामागे वेळ घालवू नका. न्यायचंय ते शिधासामान: कुठल्या कळेवर काय आहे, आणि कळ किती वेळ दाबली की काय व्हायचं. यातली दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मीही विसरले होते, त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

आधी वियातले बदल वाचवू. ते बदल हेक्समध्ये नसतात, बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, असतात. आणि तेही फक्त ज्या अर्ध्याला यूएसबी लावता त्याच अर्ध्यात. म्हणजे तुमचा उजवा अर्धा धडधाकट असला, तो जोडल्यावर विया उघडलं, तरी दिसेल तो मित्राने २०२१ मध्ये घातलेला मूळ कीमॅप. इतक्या वर्षांची तुमची मेहनत त्या उखडलेल्या पोर्टच्या डाव्या बाजूत बसली आहे. चिप जळालेली नाही, नुसतं पोर्ट गेलंय, हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ नक्की वाटतं. प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी पोर्ट हा या बोर्डांचा जुनाच दुखरा भाग आहे. खाली जवळपास नुसत्या टाक्याचा आधार असतो, त्यामुळे केबलला हिसका बसला की पॅडसकट वर येतं.

माझंही असंच आलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, तिथे घेऊन गेले. पोरगा आधी म्हणाला, “ताई, ही वस्तू काय आहे तेच कळंना.” मग भिंगाखाली धरून बघितलं. डेटाच्या दोन पॅडपैकी एक पार निघून गेलं होतं. त्याने पोर्टच्या पायापासून जवळच्या रेझिस्टरपर्यंत केसासारखी बारीक तार ओढली, वर गोंदाचा थेंब टाकला आणि सांगितलं, “आता हलवायचं नाही, जोडायचं आणि काम उरकायचं.” तेवढं पुरतं. जुना बोर्ड रोज वापरण्याइतका दुरुस्त होण्याची गरज नाही, विया उघडून फाइल जतन करण्याइतका जगला तरी झालं. तुम्हीही हे आधी करा, नवा बोर्ड हातात यायच्या आत. जाताना जुन्या बोर्डाचं पॅड घासूनपुसून साफ करू नका, दुरुस्ती करणाऱ्यालाच करू द्या.

वियातून मिळालेली ती फाइल नव्या बोर्डावर थेट चढत नाही, कारण विया बोर्डाची ओळख तपासतं. पण ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, लेयरप्रमाणे (लेयर म्हणजे एक कळ धरली की बाकीच्या कळांना मिळणारा दुसरा संच) सगळ्या कळांची यादी वाचता येते. आमच्या धंद्यात जसं जुनं हस्तलिखित समोर ठेवून नवं जुळवतो, तसं तिच्यावरून उतरवून घ्यायचं.

इथे एक फरक येतो. तुमचा जुना कॉर्न दर हाताला ३ रांगा, ६ स्तंभ आणि अंगठ्याच्या ३ कळा, मिळून ४२. व्ही४ मध्ये तर्जनीच्या आतल्या बाजूला दर हाताला २ कळा जादा आहेत, म्हणजे ४६. जुना कीमॅप तसाच चिकटवला तर कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कीमॅपवरून बोर्डाचा प्रोग्रॅम बनवणारं साधन, तक्रार करतो की ४६ हवे होते, ४२ च दिले. घाबरायचं कारण नाही, पहिल्या आणि दुसऱ्या रांगेत मधोमध दोन-दोन नवे रकाने भरले की मिटलं. मित्राच्या मूळ फाइलीत बोर्ड रीसेट करायची जी कळ असेल तिचं नावही नंतर बदललंय, ते नव्या नावाने लिहा.

त्या चार जादा कळा रिकाम्या ठेवू नका. मराठी इन्स्क्रिप्टवाल्यांसाठी त्या फार मोलाच्या आहेत. इन्स्क्रिप्ट मांडणी कीबोर्डात नसते, विंडोजमध्ये असते. कीबोर्ड फक्त “के दाबली” एवढंच सांगतो, तिचा ‘क’ संगणक करतो. आणि ‘ड’ चौकटी कंसाच्या कळेवर, ‘ॉ’ उलट्या तिरप्या रेषेवर, ‘ट’ अवतरणचिन्हाच्या कळेवर. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला या कळा क्वचित लागतात, म्हणून कॉर्नवर यातल्या काही दुसऱ्या लेयरमध्ये ढकललेल्या असतात. आता “डॉक्टर” लिहून बघा: ड, ॉ, क, हलंत, ट, र. सहा दाबांपैकी तीन अक्षरांच्या पट्ट्याबाहेर, आणि त्यातल्या दोनसाठी अंगठ्याने लेयर धरायची. दिवसातून किती वेळा? मनगट दुखण्यात याचाही वाटा असू शकतो. मी आतल्या चार कळांपैकी एक ‘ड’ला दिली, एक ‘ॉ’ला, एक बरोबरच्या चिन्हाला म्हणजे ‘ृ’ला, आणि चौथी भाषा बदलायला. पहिल्याच आठवड्यात हात मोकळे झाल्यासारखे वाटले.

आता वेळांचं. तुम्ही होम रोवर मॉड्स वापरता, म्हणजे मधल्या रांगेतली अक्षराची कळ थोडा वेळ धरली की ती कंट्रोल किंवा शिफ्ट होते. मीही वापरते. नवा बोर्ड आला तेव्हा मी वियात बघून एकेक कळ जशीच्या तशी बसवली, तपासली, सगळं जुळलं. त्या दिवशी एक लग्नपत्रिका होती. पत्त्यात “कोल्हापूर” लिहिलं आणि पडद्यावर आलं “कोलापूर”, ‘ल’च्या पुढचं सगळं अधोरेखित. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मला वाटलं फॉन्ट बिघडला. मग फॉन्ट बदलला, वर्ड बंद करून चालू केलं. अर्धा तास गेला.

झालं होतं ते असं. इन्स्क्रिप्टमध्ये हलंत डी कळेवर आहे आणि ‘ह’ यू कळेवर. माझ्या डीवर कंट्रोल बसवलेला. ‘ल्ह’ लिहिताना डावं बोट हलंतावरून उठायच्या आत उजवं बोट ‘ह’वर पडतं, हे प्रत्येकाचंच होतं, वेगात लिहिणाऱ्याचं तर हमखास. नव्या बोर्डासोबत आलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये, दुसरी कळ दाबली रे दाबली की पहिलीला कंट्रोल समजायचं, अशी सेटिंग होती. म्हणजे हलंत आणि ‘ह’ मिळून झालं कंट्रोल-यू. वर्डने ते खाल्लं आणि अधोरेखन चालू केलं. हलंतही गेला, ‘ह’ही गेला. पन्हाळा लिहा, तेच. आणि “भक्ती” लिहिताना हलंतामागे ‘त’, म्हणजे एल कळ, म्हणजे कंट्रोल-एल.

इंग्रजीत डी हे मधलंच एक अक्षर. मराठीत त्याच कळेवर जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराचा हलंत आहे, आणि तो नेहमी दोन व्यंजनांच्या मध्ये, सगळ्यात घाईच्या जागी येतो. इंग्रजीसाठी लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत हे सापडणार नाही, म्हणून इतकं लांबवून सांगतेय.

जुन्या बोर्डावर हा त्रास का नव्हता? कारण तुमच्या मित्राने कॉन्फिगच्या (फर्मवेअरच्या सेटिंग्जच्या) फाइलीत काही ओळी घातल्या असणार: टॅपिंगची मुदत (कळ किती वेळ धरली की ती अक्षर न राहता कंट्रोल होते) नेहमीच्या २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त, आणि मध्ये दुसरी कळ आली तरी पहिली अक्षरच समजायची. या ओळी वियात दिसत नाहीत आणि वियाच्या फाइलीत येतही नाहीत. बोटांची सवय मात्र त्याच वेळांवर घडलेली असते. म्हणून मित्राला आजच फोन करा आणि कीमॅपच्या आधी कॉन्फिगची फाइल मागा. आठ-दहा ओळींची असेल. त्यात मॉड-टॅपमधला व्यत्यय दुर्लक्षित करायची जुनी ओळ दिसली तर ती काढून टाका. २०२३ पासून क्यूएमकेचं, म्हणजे ज्यावरून हे फर्मवेअर बनतं त्या प्रकल्पाचं, मूळ वागणंच तसं झालंय, आणि ती ओळ राहिली तर कंपाइल अडतं.

जुनी मुदत परत घातली की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी २०२५ मध्ये क्यूएमकेत आलेलं फ्लो टॅप वापरा. आधीच्या अक्षरानंतर ठरावीक वेळेच्या आत होम रोची कळ दाबली तर ती थेट अक्षरच धरली जाते, कंट्रोलचा प्रश्नच येत नाही. हलंत तर कायम व्यंजनाच्या पाठोपाठच येतो, त्यामुळे जणू मराठीसाठीच केलंय असं वाटतं. मी १५० मिलिसेकंद ठेवलेत. पण एक फट आहे. फ्लो टॅप मुळात ए ते झेड, स्पेस आणि मोजक्या विरामचिन्हांनाच लागू असतं. चौकटी कंस आणि अवतरणचिन्ह त्यात नाहीत, आणि आपले ‘ड’ आणि ‘ट’ नेमके तिथेच. “ड्रम”, “ट्रक” लिहिताना पुन्हा घोळ होईल. त्या दोन कळा यादीत हाताने घाला, छोट्या फंक्शनचं काम आहे. त्याच वर्षी आलेल्या कॉर्डल होल्डचीही शिफारस तुम्हाला कुणीतरी करेल. ते एकाच हाताच्या कळांचा गोंधळ सोडवतं. आपला हलंत डाव्या हातात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हातात, त्यामुळे त्याचा इथे फारसा उपयोग नाही.

हे सगळं नको वाटत असेल तर सरळ डीवरचा कंट्रोल काढून अंगठ्यावर घ्या. मनगट दुखत असताना प्रयोग करत बसण्यापेक्षा मला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. वेळा नंतर निवांत लावता येतील.

प्रत्यक्ष फ्लॅश करणं, म्हणजे फर्मवेअर बोर्डात घालणं, आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं आहे. प्रो मायक्रोवर रीसेट केल्यापासून जेमतेम ८ सेकंद मिळायचे. आरपी२०४० ला बूटचं बटण दाबून धरत केबल लावली की पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसतो, त्यावर यूएफटू फाइल (नवं फर्मवेअर) टाकायची, बोर्ड आपोआप नव्याने सुरू होतो. बूटलोडर, म्हणजे ही फाइल आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, चिपच्या कायमच्या मेमरीत आहे, तो पुसला जात नाही. पावसाळ्यात मधेच लाइट गेली तरी बोर्ड मरत नाही, पुन्हा पहिल्यापासून करायचं. दोन्ही अर्ध्यांना तीच फाइल घाला. एकात जुनी आणि एकात नवी राहिली तर उजवा हात मुका बसतो आणि दोष केबलला दिला जातो. दोन अर्धे जोडणारी केबल गोल पिनची असेल तर यूएसबी चालू असताना ती काढू-घालू नका, पिन घसरताना शॉर्ट होऊन चिप जाऊ शकते. नवा बोर्ड खराब करायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच आहे.

फ्लॅश झाल्यावर इंग्रजी वाक्यावर तपासू नका. वर्ड उघडा, मराठी लावा आणि नेहमीच्या वेगात लिहा: कोल्हापूर, पन्हाळा, रंकाळा, कात्यायनी, डॉक्टर, ट्रक, भक्ती, ऋण. रंकाळ्यातला ‘ळ’ शिफ्टचा, कात्यायनीतला ‘य’ तिरप्या रेषेच्या कळेवरचा, ऋणातला ‘ऋ’ आणि ‘ण’ दोन्ही शिफ्टचे. जपून सावकाश लिहिलंत तर सगळं बरोबर येईल आणि काहीच कळणार नाही. दहा-दहा वेळा, खरं काम चालू असल्यासारखं लिहा. कुठे अधोरेखन उमटलं, परिच्छेद सरकला किंवा हलंत गळला, तर तोच शब्द लिहून ठेवा.

पोर्टला तार ओढून वियाची फाइल निघाली आणि मित्राकडून कॉन्फिग मिळालं की दोन्ही मला पाठवा. ४६ च्या रांगा मी बसवून देते, ‘ड’ आणि ‘ट’ची फ्लो टॅपची यादीही घालून देते. फक्त कुठला शब्द सगळ्यात जास्त लिहिता तेवढं सोबत कळवा.