जर्मनीतल्या ‘डॉइच-अमेरिकानिशेस इन्स्टिट्यूट’मध्ये काय काय मिळतं? जर्मन तिथेच शिकावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नवऱ्याला ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, हायडेलबर्गला नोकरी लागली आहे, तुमची पुण्यात जर्मनची ए१ ही पहिली पातळी झाली आहे, पुढेमागे अमेरिकेत मास्टर्स करायचंही मनात आहे. कुणीतरी तिथल्या डॉइच-अमेरिकानिशेस इन्स्टिट्यूटचं, म्हणजे डीएआयचं नाव सुचवलं. तिथे नेमकं काय मिळतं आणि जर्मनसाठी तिथेच नाव घालावं का?

सभासद जरूर व्हा. जर्मनचा कोर्स मात्र, तुम्हाला कोणता कागद कधीपर्यंत हवा आहे हे ठरवल्याशिवाय घेऊ नका. नव्याने येणाऱ्यांचे पैसे आणि महिने वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच.

आधी ही संस्था काय आहे ते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जर्मनीतल्या आपल्या ताब्यातल्या भागात वाचनालयं उघडली, त्यांचीच पुढे ‘अमेरिकाहाउस’ झाली. १९६०च्या दशकात त्यातली बरीच केंद्रं दोन्ही देशांनी मिळून चालवायच्या संस्था झाल्या आणि शहर व राज्य खर्चाचा वाटा उचलू लागलं. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, न्यूर्नबर्ग आणि झारब्र्युकेनला ‘डीएआय’ हेच नाव आहे. फ्रायबुर्गच्या अशाच संस्थेचं नाव कार्ल-शुर्त्स-हाउस आहे. मुंबईचं भगिनी शहर असलेल्या श्टुटगार्टमध्ये जेम्स बर्न्स यांच्या नावाचं जर्मन-अमेरिकन केंद्र आहे. हे बर्न्स म्हणजे १९४६च्या सप्टेंबरात श्टुटगार्टच्या ऑपेरा हाउसमध्ये जर्मनांना धीर देणारं भाषण करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. या सगळ्या संस्था एकाच मुख्यालयाच्या शाखा नाहीत. ज्याची त्याची समिती, ज्याचं त्याचं शुल्क. त्यामुळे ट्युबिंगेनला राहणाऱ्या मैत्रिणीने सांगितलेलं हायडेलबर्गला लागू पडेलच असं धरू नका.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करते. ही अमेरिकन वकिलात नाही. इथे व्हिसा मिळत नाही, मुलाखतीची तारीखही मिळत नाही. जर्मनीत राहून अमेरिकेच्या व्हिसासाठी बर्लिन, फ्रँकफुर्ट किंवा म्युनिक गाठावं लागतं.

आता सोयी. पहिली आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे इंग्रजी वाचनालय. जर्मनीतल्या साध्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी पुस्तकांची एखाद-दोन कपाटं असतात. इथे कादंबऱ्या, अमेरिकेचा इतिहास-राजकारण, मुलांची चित्रपुस्तकं, परीक्षेच्या तयारीची पुस्तकं एका छताखाली मिळतात. कार्डासाठी पासपोर्ट आणि मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याचा कागद, बरोबर न्या. पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसतो, म्हणून नुसत्या पासपोर्टवर अडवतात. लहान मूल असेल तर इंग्रजी गोष्टींचा तास कुठल्या वारी असतो ते विचारा, ओळखी तिथेच होतात. (हायडेलबर्गला राहून मराठी पुस्तकाची आठवण झाली तर विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेचं ग्रंथालय बघा. खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर आयुष्यभर काम करणारे गुंथर सोनथायमर याच विद्यापीठातले.)

व्याख्यानं, मैफली, लेखकांशी गप्पा हे तर कायम चालू असतं. सभासदांना तिकिटात सवलत मिळते. वर्षाला चार-पाच कार्यक्रमांना जाणार असाल तर वर्गणी बहुधा सवलतीतूनच निघते. कार्यक्रम जर्मनमध्ये आहे की इंग्रजीत, हे पत्रिकेत दिलेलं असतं. ए२च्या आसपास असताना जर्मन व्याख्यानाला बसून हिरमुसून परत येण्यापेक्षा आधी संभाषण गटात जा. इंग्रजीच्या गटात जर्मन लोक इंग्रजी सुधारायला येतात, आणि तुमचं इंग्रजी चांगलं असल्यामुळे तिथे तुम्ही देणाऱ्या बाजूला असता. अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास जर्मन अशी जोडी जमवायला याहून चांगली जागा नाही. या जोडीला ‘टँडेम’ म्हणतात. तुम्ही ती आवर्जून जमवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल सल्ला ही या संस्थांची जुनी सेवा. काही ठिकाणी ‘एज्युकेशन यूएसए’ या अमेरिकन सरकारच्या सल्लासेवेचा सल्लागार बसतो. हा एजंट नव्हे, त्याला कुठल्या विद्यापीठाकडून कमिशन मिळत नाही, म्हणून त्याचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. जाताना ‘मला अमेरिकेत शिकायचंय’ एवढंच घेऊन जाऊ नका. विषय, पदवी तीन वर्षांची की चार, गुण आणि खर्चाची मर्यादा एका कागदावर लिहून न्या. तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.वर काही अमेरिकन विद्यापीठं मास्टर्सला थेट प्रवेश देत नाहीत, तेव्हा यादी करतानाच ही अट तपासा. आणि पुणं सोडण्यापूर्वी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून ठेवा. नंतर हायडेलबर्गहून सासरच्या-माहेरच्या माणसांना विद्यापीठात हेलपाटे घालायला लावणं फार जिकिरीचं होतं.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी काही इन्स्टिट्यूट परीक्षाकेंद्र म्हणून चालतात. नोंदणी आणि पैसे भरणं मात्र परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर होतं. संस्था फक्त जागा देते, तारीख बदलून देणं तिच्या हातात नसतं. तुम्ही भारतीय नागरिक आणि परीक्षा जर्मनीत, म्हणून ओळखपत्र म्हणजे पासपोर्टच. जर्मन रेसिडन्स कार्ड चालत नाही. आपल्याकडच्या नावांचा घोळ इथे हमखास होतो. पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. ईटीएसचं खातं उघडताना लोक सवयीने नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकतात. पासपोर्ट समोर ठेवा आणि जसं छापलंय तसंच भरा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर नोंदणीही त्याच नावाने करा. नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवू शकतात आणि फी बुडते. टोफेलचे गुण २ वर्षं ग्राह्य असतात, मास्टर्सच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेचे ५ वर्षं. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीत अर्ज बंद होतात, म्हणजे परीक्षा ऑक्टोबरपर्यंत उरकलेली बरी. तुमचं पदवीचं माध्यम इंग्रजी असेल तर फी भरण्याआधी विद्यापीठाला माफीबद्दल विचारा. अनेक विद्यापीठं टोफेल माफ करतात.

आता जर्मन. कोर्सच्या यादीत एक ओळ साधारण अशी दिसते : ‘ए२.१, सोम + बुध, १८.०० ते १९.३०, १२ आठवडे, ४८ यूई’. यूई म्हणजे उंटरिख्ट्सआइनहाइट, ४५ मिनिटांचा तास. दीड तासाचा वर्ग म्हणजे २ यूई, आठवड्यातून दोनदा म्हणजे ४, बारा आठवड्यांचे ४८. आता दुसरा आकडा घ्या : नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये शून्यापासून बी१पर्यंत ६०० यूई धरलेले आहेत, म्हणजे ए१, ए२, बी१ यांतल्या एका पातळीला सुमारे २००. वरच्या संध्याकाळच्या वर्गाने एक पातळी पुरी करायला असे चार कोर्स लागतील, सुट्ट्या धरून वर्षाहून जास्त. ‘ए२.१’ मधल्या त्या ‘.१’चा अर्थ हाच, की तुम्ही पातळीचा एक तुकडा विकत घेताय. तोच अभ्यास आठवड्याला २० यूईच्या इंटेन्सिव्ह कोर्समध्ये दहा आठवड्यांत होतो. म्हणून दोन कोर्सची तुलना कधीही एकूण किमतीवर करू नका. किंमत भागिले यूई करा, मग वर्गात जास्तीत जास्त किती जण, पुस्तक आणि परीक्षेची फी धरून आहे का, हे पाहा.

किमान किती जण जमले तर वर्ग सुरू होतो, हेही विचारा. बी२च्या पुढचे वर्ग पुरेशी नावं न आल्यामुळे रद्द होतात तेव्हा पैसे परत मिळतात, पण तोवर दुसरीकडच्या जागा भरलेल्या असतात. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

नाव घालण्याआधी आइनश्टुफुंग्सटेस्ट, म्हणजे पातळी ठरवायची चाचणी होते. ती ऑनलाइन देताना शब्दकोश, भाषांतराचं अ‍ॅप काहीही उघडू नका. आपल्याकडे व्याकरण पक्कं करून घेतात, त्यामुळे लेखी चाचणीत वरची पातळी मिळते आणि वर्गात शिक्षिका नेहमीच्या वेगाने बोलायला लागली की कान मागे पडतो. ए२.२ निघालं तरी तोंडी चाचणी मागून घ्या. बोलणं अडखळत असेल तर एक पायरी खाली बसण्यात काहीच गैर नाही. मराठी माणसाला तीन लिंगं आणि गौण वाक्यात शेवटी येणारं क्रियापद नवीन नसतं, अडतं ते ऐकण्यात आणि झटकन उत्तर देण्यात.

आता कागदाचं. डीएआयचा साधा कोर्स संपल्यावर मिळते ती टाइलनामेबेशाइनिगुंग, म्हणजे हजर राहिल्याचा दाखला. आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, भाषेचा पुरावा म्हणून मान्य परीक्षेचं प्रमाणपत्र मागतं. ग्योथे, टेल्क, ओएसडी किंवा इंटिग्रेशन कोर्सच्या शेवटची ‘डॉइच-टेस्ट फ्युर त्सुवांडरर’ अशा परीक्षा त्यात येतात. वर्गात बी१ झालं, पण परीक्षा दिली नाही, तर कागदोपत्री तुमचं बी१ झालेलं नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा : शेवटी कोणती परीक्षा, ती इथेच होते का, फी वेगळी का? ब्लू कार्डवाल्या तुमच्या नवऱ्याला कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी ए१ असेल तर २७ महिने आणि बी१ असेल तर २१ महिने लागतात, तेव्हा हा प्रश्न घरात दोघांसाठी आहे. जर्मन विद्यापीठात जर्मनमधून शिकायचं असेल तर बी१ पुरत नाही, तिथे साधारणपणे विद्यापीठ प्रवेशाच्या डीएसएच परीक्षेत दुसरी पातळी (डीएसएच-२) किंवा टेस्टडाफ परीक्षेच्या चारही भागांत ४ लागतात.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. इथे राहून कामधंदा शोधायचा असेल तर आधी इंटिग्रेशन कोर्सची चौकशी करा. तो बाम्फ या केंद्रीय कार्यालयाने मान्य केलेल्या संस्थेतच होतो, अनेक शहरांत फोल्क्सहोखशूले म्हणजे नगरपालिकेची प्रौढशाळा तो चालवते. हक्काचं पत्र, बेरेख्टिगुंग्सशाइन, आउसलेंडरबेहोर्डे किंवा बाम्फकडून घ्यायचं आणि त्यावरची मुदत वाचायची, ती उलटली की पत्र वाया जातं. भाषेचे ६०० यूई शंभराच्या सहा मोड्यूलमध्ये विभागलेले असतात. ए१ खरोखर पक्कं असेल तर चाचणीनंतर तिसऱ्या मोड्यूलपासून बसवतात. त्यावर १०० यूईचा ओरिएंटेशनचा, म्हणजे जर्मनीचे कायदे, इतिहास आणि समाज यांची ओळख करून देणारा, भाग येतो. त्याच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले तर तो निकाल पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही चालतो. सकाळी हा कोर्स आणि संध्याकाळी डीएआयचा टँडेम असं जमलं तर फार छान.

दोन वर्षांत अमेरिकेला जाणार हे नक्की असेल तर उलट करा. डीएआयचा संध्याकाळचा जर्मन वर्ग रोजच्या व्यवहारापुरता पुरतो, आणि उरलेला वेळ वाचनालय, सल्लागार आणि टोफेलला द्या.

तुमच्या धाकट्या बहिणीने ‘मीही तिथे भाषा शिकायला येते’ म्हटलं तर एक गोष्ट तिला आधी सांगा. भाषाशिक्षणाच्या व्हिसासाठी आठवड्याला किमान १८ तासांचा इंटेन्सिव्ह कोर्स लागतो. संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग त्यात धरत नाहीत. संस्थेकडून मिळणाऱ्या पत्रावर आठवड्याचे तास, सुरुवात-शेवटच्या तारखा आणि भरलेली फी हे तिन्ही आकडे स्पष्ट असायला हवेत. आणि व्हिसा नाकारला तर फी किती कापून परत मिळते, हे पैसे पाठवण्यापूर्वी ईमेलवर लेखी मागून घ्या. फोनवरचं आश्वासन नंतर कामाला येत नाही.