सगळ्यांना सारखंच सामान द्या, भांडणं तिथंच संपतात

तुमचा प्रश्न वाचला. शहापूरचे पाच मित्र, दिवाळीच्या सुट्टीत लेगोच्या गाड्या करून उतारावरून सोडणार, आणि गेल्या वेळी ज्याच्याकडं जास्त सामान त्याचीच गाडी पुढं गेली म्हणून दोघं रुसून बसले, तर यंदा शर्यत सगळ्यांना सारखी कशी करायची, असं तुम्ही विचारलंय. आमच्यात पण पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं की ओ, आता सहा वर्षं आम्ही बेळगावात टिळकवाडीत आमच्या घरच्या सोप्यात ही शर्यत घेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घरून तयार गाडी आणायला बंदी. सगळ्यांचं सामान जमखान्यावर एकत्र ओता आणि सारखे वाटे करा, प्रत्येकी चार चाकं, दोन ॲक्सल म्हणजे चाकं जोडायचे दांडे, ते घालायला भोकांच्या दोन लांब पट्ट्या आणि तीसेक विटा, कुठला वाटा कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. दुसऱ्या कंपनीच्या विटा मिसळल्या तरी चालतंय, माप तेच असलं म्हणजे झालं, विटेवरच्या एका गोल गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, आणि तीन चपट्या प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक वीट. डेन्मार्कात १९५८ साली या विटेचं पेटंट घेतलं, तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. चाकं आणि ॲक्सल मात्र सगळ्यांना एकाच जातीचे द्या, तिथं केसभर फरक पडला तरी गाडी अडते. मोटर अजिबात नको, मोटर आली की शर्यत बॅटरीची होते, बांधणाऱ्याची राहत नाही.

उतारासाठी ८ बाय ४ फुटांची प्लायवूड शीट घ्या आणि सुताराकडून फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापून घ्या. पट्टी फरशीला टेकते तिथं कोन राहतो आणि गाडीचं नाक आपटतं, आमच्या निम्म्या गाड्या तिथंच सुट्ट्या झाल्या होत्या, म्हणून तिथं सनमायकाचा तुकडा वाकवून चिकटपट्टीनं लावा. वरचं टोक एक फूटच उचला. आम्ही दोन फूट उचललं होतं, तीन गाड्या सरळ समोरच्या भिंतीला जाऊन धडकल्या आणि नंबर कुणाला द्यायचा तेच कळेना! एक फुटावरून घर्षण शून्य धरलं तरी गाडी सेकंदाला अडीच मीटरच्या आतच राहते, तेवढं पुरे. भिंतीला एक जुनी वाकळ लावून ठेवा.

आणि आधी कोण पोचलं ते बघू नका, गाडी थांबली कुठं ते टेपनं मोजा. आपल्या भागात खाली गाड्याच्या, म्हणजे रिकाम्या बैलगाडीच्या, शर्यतीत ठराविक वेळेत गाडा किती फूट गेला ते मोजतात तसंच. प्रत्येकाला तीन वेळा सोडू द्या आणि तिन्ही अंतरांची बेरीज घ्या, नुसतं सगळ्यात लांबचं धरलं तर नशिबाचा भाग फार होतोय.

आता खरी गोष्ट ॲक्सलची. आमचा एक मित्र उद्यमबागेत लेथवर काम करतो, त्याची गाडी दिसायला अगदी साधी, पण दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या दीडपट लांब गेली. विचारलं तर म्हणाला, चाकाला प्ले ठेवा. आम्ही सगळ्यांनी चाकं गाडीच्या भोकांच्या पट्टीला घट्ट दाबून बसवली होती, चाक पट्टीला घासत होतं. चाक आणि पट्टीत नखाएवढी फट पाहिजे, तेवढ्यानंच निम्मं काम होतंय. जोडून झालं की गाडी उलटी करून चाकाला बोटानं टिचकी मारा, झटकन थांबलं तर कुठंतरी घासतंय, ते शोधूनच पुढं जा. तेल घालू देऊ नका, त्याला धूळ चिकटते आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गाडी जड होते.

वजन वाढवलं तर गाडी जास्त लांब जाते, कारण हवेचा अडथळा तेवढाच आणि गाडीत जोर जास्त. त्यासाठी दहाची नाणी बरी, एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं, प्रत्येकाला सारखी पाच द्या, कुठं बसवायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त पट्टी चाकापासून लांब राहिली तर वजनानं ॲक्सल वाकतो आणि चाकं तिरकी होतात, म्हणून पट्ट्या चाकांच्या जवळ, वजन दोन्ही ॲक्सलच्या मधे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांना दोष देऊ नका, बहुतेक वेळा चौकट पिळलेली असते, वरून आणि खालून आडव्या प्लेटी मारल्या की सरळ जाते.

आणि पहिल्या फेरीनंतर वीस मिनिटं गाड्या मोडून परत जोडायला द्या, एकमेकांची गाडी उलटी करून बघायची सगळ्यांना मुभा. मला तर सगळ्यात आवडतो तो हाच वेळ. आमच्याकडं माझा नऊ वर्षांचा भाचा पहिल्या फेरीत शेवटचा होता, सगळ्यांच्या गाड्या हातात घेऊन बघत बसला, परत जोडली आणि दुसरा आला, लेथवाल्यानं त्याला स्वतःजवळ बसवून फट कशी बघायची ते दाखवलं होतं.

आमची शर्यत दिवाळीच्या पाडव्याला असते. त्यानंतर उताराच्या प्लायवूडच्या पट्ट्या मोकळ्याच पडून असतात, लागल्या तर घेऊन जावा.