भुसावळच्या भंगारवाल्याकडे रिअर ॲडमिरलची, म्हणजे नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याची, पदकं, गणवेश आणि तलवार आलीय. खरं कसं ओळखायचं, घ्यावं का?

भाऊ, आधी भिंग घेऊन पदकाची कड बघा. अस्सल पदकाच्या कडेवर सहसा हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. कड कोरी असेल तर बहुधा ती शिंप्याकडून करून घेतलेली जोडप्रत; तिचे जास्त पैसे देऊ नका. परमविशिष्ट सेवा पदकाच्या सोनेरी फितीवर मधोमध एकच गडद निळा पट्टा असतो, अतिविशिष्टवर दोन, विशिष्टवर तीन. इथंच बरेच नकली माल उघडे पडतात.

मग खांद्यावरच्या पट्ट्या. शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी खूण डिसेंबर 2023 मध्ये आली. साहेब नव्वदच्या दशकात निवृत्त झाले असं भंगारवाला म्हणतो आणि पट्टीवर अष्टकोन? सरळ उठा तिथून.

तलवारीचं आधी पोलिस ठाण्यात विचारा, पातं मोठं असलं की शस्त्रकायदा आडवा येतो. आणि शक्य असेल तर हा माल त्यांचाच आहे असं साहेबांच्या घरच्यांकडून दोन ओळींचं लेखी पत्र घ्या. त्याशिवाय माझ्या मते अर्धी किंमतही जास्तच.

घेतलंत तर पदकांना ब्रासो (धातूचं पॉलिश) लावू नका, मुलामा आणि नाव दोन्ही झिजतं. आपल्याकडच्या मे महिन्यात फिती उन्हात ठेवल्या तर रंग गेलाच म्हणून समजा.