घर आणि दुरुस्ती: तापलेली गच्ची, तापलेला पत्रा आणि विजेचं बिल

प्रश्न : आमचा फ्लॅट नागपुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. वर ६५० चौरस फूट गच्ची, स्लॅबवर जुना कोबा. मे महिन्यात रात्री अकरापर्यंत छत गरम असतं, एसी बंद करता येत नाही. रंगारी म्हणतो पांढरा रंग मारा. फर्निचरवाला म्हणतो आतून थर्मोकोल घालून पीओपीचं सीलिंग करा. कुणाचं ऐकावं?

उत्तर : रंगाऱ्याचं ऐका, पण तिथेच थांबू नका. सीलिंगवर पैसे घालू नका. आतून थर लावला तरी त्याच्या वरचा स्लॅब दिवसभर भाजतच राहतो. उन्हात प्रसरण, रात्री आकुंचन असं चालूच राहिल्याने कोब्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात गळती लागते, तीही सीलिंगमागे दिसत नाही. शिवाय वायरिंगजवळचा थर्मोकोल पेटला तर वितळून जळते थेंब खाली पडतात. ऊन अडवायचं ते स्लॅबच्या वर.

ढोबळ हिशेब असा. गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश आणि खोली २६ अंश धरली, तर पाच इंची स्लॅब व चार इंची कोब्यातून दर चौरस मीटरला सुमारे १०० वॉट उष्णता खाली येते. १२ बाय १२ च्या खोलीला ती साधारण १,३५० वॉट होते. दीड टनाच्या एसीची क्षमता ५,२०० वॉटच्या आसपास असते, म्हणजे चौथा हिस्सा नुसतं छत खातं. चांगल्या पांढऱ्या रंगाने पृष्ठभाग ४२ अंशांवर आला, तर ही उष्णता निम्म्याहून खाली येते. त्याऐवजी ५० मिलिमीटर एक्सपीएसचे (कडक फोमचे) बोर्ड टाकले तर ती दर चौरस मीटरला साधारण १७ वॉटवर येते. रात्री अकराचा त्रास होतो तो स्लॅब दुपारची उष्णता साठवून उशिरा सोडतो म्हणून. वरून थर असला की स्लॅब मुळात फारसा तापतच नाही.

बजेट कमी असेल तर यंदा फक्त रंग करा. डब्यावर सोलर रिफ्लेक्टन्स (ऊन परतवण्याचं प्रमाण) ०.८०च्या आसपास लिहिलेला, गच्चीसाठीचाच रंग घ्या. भिंतीचा डिस्टेंपर पहिल्याच पावसात जातो. तारेच्या ब्रशने शेवाळ, धूळ काढून गच्ची धुवा आणि पूर्ण वाळू द्या. भेगा आधी भरून घ्या. काम सकाळी लवकर करा. दुपारी तापलेल्या कोब्यावर रंगाची वरची साय लगेच सुकते, खालची ओल अडकते आणि फुगे येतात. दोन हात हवेतच. रंगारी पाणी जास्त घालतात, म्हणून किती लिटर लागेल ते डब्यावरच्या प्रमाणाने आधी काढा आणि शेवटी रिकामे डबे मोजा. अगदीच स्वस्तात हवं तर कळीचा चुना : एका किलोला पाच लिटर पाणी, चोवीस तास भिजवून जाड कापडातून गाळलेला, त्यात चिकटपणासाठी फेविकॉल. तो मात्र दर वर्षी मारावा लागतो. पांढरेपण धुळीने झाकलं गेलं की फायदाही कमी होतो, म्हणून फेब्रुवारीअखेर गच्ची धुण्याची सवय ठेवा.

पक्कं काम करायचं तर आधी पाणी जाणाऱ्या पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर ४८ तास पाणी साठवून गळती तपासा. गळका कोबा झाकला की पुढे सगळं उखडावं लागतं. मग वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (घनता घनमीटरला ३२ ते ३६ किलो), त्यावर जाड प्लॅस्टिक, मग जाळी घातलेलं ४० मिलिमीटर काँक्रीट आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या टाइल्सचे तुकडे. १,२५० बाय ६०० मिलिमीटरचा बोर्ड पाऊण चौरस मीटर भरतो. तुमच्या गच्चीला तुटफूट धरून ८५ लागतील. सांधे विटांच्या थरासारखे सरकवून लावा आणि टेपने बंद करा. गरम डांबर किंवा सॉल्व्हंटचा गोंद लावला तर बोर्ड जागीच विरघळतो. ही चूक फार होते. दुसरी चूक उताराची. पातळी जवळपास चार इंच वर येते, तेव्हा पाणी जाणाऱ्या पाइपची तोंडं, दाराचा उंबरठा आणि दर १०० ला १ उतार आधीच ठरवा. बोर्डांचं वजन नगण्य, पण काँक्रीट दर चौरस मीटरला जवळपास १०० किलो भरतं, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. थंडाव्यासाठी जुन्या कोब्यावर आणखी चार इंच कोबा घालायला कुणी सांगितलं तर साफ नकार द्या : तो चौरस मीटरला २०० किलो वजन वाढवतो आणि उष्णता फारशी अडवत नाही. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी लेखी घ्या.

बिलात फायदा सरासरी दराने मोजू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. वाचलेली युनिटं सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतात. आपल्याकडच्या विजेचा मोठा भाग कोळशाचा असल्याने वाचलेल्या दर १०० युनिटांमागे सुमारे ७० किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

प्रश्न : जालन्याजवळ आमचं पत्र्याचं घर आहे. पत्र्याखाली चकचकीत फॉइलची शीट लावली, पण फरक नाही.

उत्तर : शीट पत्र्याला चिकटवली असणार. फॉइलची चकचकीत बाजू उष्णतेचे किरण परतवते आणि स्वतःही फार कमी सोडते, त्यासाठी चकचकीत बाजूसमोर किमान एक इंच मोकळी हवा लागते. पट्ट्या ठोकून ती खाली घ्या आणि चकचकीत बाजू खालच्या दिशेला ठेवा. वरच्या बाजूवर धूळ बसते. आढ्याशी आणि वळचणीला जाळी लावून हवा जायला वाट ठेवा, म्हणजे मधली गरम हवा बाहेर पडेल. आणि पत्रा वरून पांढरा करा. जस्ताच्या पत्र्याला आधी त्याचा प्रायमर हवा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

प्रश्न : पुण्यात पश्चिमेची मोठी खिडकी आहे. काळी फिल्म लावू की जाड पडदे?

उत्तर : दोन्हींपेक्षा बाहेरून आडोसा बरा. काचेतून ऊन आत आलं की पडदा तापतो आणि तीच उष्णता खोलीत सोडतो. काळी फिल्म ऊन शोषते, काच असमान तापते आणि साधी काच तडकू शकते. चार वाजताचा सूर्य खाली असल्याने छज्जाही उपयोगाचा नाही. खिडकीबाहेर भिंतीपासून चार इंच सोडून बांबूची चिक किंवा शेडनेट लावा, मध्ये हवा खेळू द्या. संध्याकाळी ती गुंडाळता यायला हवी, नाहीतर रात्रीचा वारा अडतो. एसी लावत असाल तर दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा आणि एसीचा पाइप जातो ते भोक पुट्टीने बुजवा. मग एसी २६ वर ठेवून पंखा हळू चालवा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.