गावात राहून टेक्सटाइलचं काम करायला प्रेरणा कुठून मिळते?

तू विचारलंस की बारावीनंतर आर्टला जायचंय, कापडावर काम करायचंय, पण गावात ना गॅलरी ना प्रदर्शन, मग सुचायचं कुठून. मी बीएफएच्या, म्हणजे फाइन आर्टच्या डिग्रीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा, घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. हा प्रश्न मला पण पडलेला. पहिलं अख्खं वर्ष मी मोबाइलवर फोटो पाहून पाहून तसंच काहीतरी करायचे, सरांना दाखवलं की ते एवढंच विचारायचे, यात तू कुठे आहेस?

मला वाट सापडली ती वेचणीच्या फडक्यात. आमच्याकडे बाया कमरेला जुन्या लुगड्याचं फडकं बांधतात आणि वेचलेला कापूस त्यात टाकत जातात, तुझ्या घरी पण असेलच. दिवाळीच्या सुट्टीत आजीचं फडकं धुवायला घेतलं आणि सहज उन्हात धरून पाहिलं. गाठ जिथे बसते तिथे कापड इतकं झिजलेलं की जाळीसारखं आरपार दिसत होतं, उजवीकडे जिथे हात सारखा घासतो तिथला रंगच उडालेला, आणि खालच्या भागात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सुकलेल्या पाल्याचा चुरा धाग्यात असा रुतून बसलेला की दोनदा धुऊनही निघाला नाही. कितीतरी हंगाम त्या एका कापडावर होते. मी त्याला इस्त्रीसुद्धा केली नाही, तसंच फ्रेमवर ताणलं आणि झिजलेल्या जागांच्या कडेकडेने गोधडीसारखा धावदोरा घालत गेले, झीज नीट दिसावी म्हणून. आजी म्हणे, "व माय, पुसण्याच्या चिंधीले कायले टाके मारून राह्यली?" नंतर तिनेच शेजारच्या बायांकडून अजून चार फडकी आणून दिली. वर्ष झालं, मी त्यांच्यावरच काम करतेय आणि अजून संपलेलं नाही.

दोरा पण आता घरचाच वापरते. किडक्या बोंडातला पिवळा पडलेला कापूस, ज्याला आपण कवडी म्हणतो, त्याला भाव मिळत नाही, तो मी बाजूला ठेवते, सरकी हाताने काढते आणि तकलीवर कातते. हे डोक्यात आलं वर्ध्याचं मगन संग्रहालय पाहून, गांधीजींच्या काळात 1938 मध्ये सुरू झालेलं आहे ते, कितीतरी प्रकारचे चरखे तिथे ठेवलेत, एकदा जाऊनच ये. कवडीचं सूत जाडंभरडं येतं, गुठळ्या गुठळ्या, मधेच तपकिरी ठिपका, पण मला तोच ठिपका फार आवडतो कारण विकतच्या रिळात तो कुठून येणार.

मोठे कलाकार पाहूच नको असं मी म्हणत नाहीये. लायब्ररीत शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या कामाचे फोटो पाहिले तेव्हा मी हललेच, जाड तंतू रंगवून, गाठी मारत मारत त्यांनी मोठमोठ्या आकृत्या उभ्या केल्यात. आणि बघता बघता मला बाबा आठवले, पोळ्याच्या आधी ओसरीत बसून बैलांसाठी दोरीच्या म्होरक्या करायचे, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. त्या फोटोंमुळे मी बाबांच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तसंच करवतकाठी साडीचं. भंडाऱ्याकडे मोहाडी, आंधळगावला ती विणतात, अंग टसर रेशमाचं, काठ सुती, आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात आणि काठाचा बाणा, म्हणजे तो आडवा धागा, अंगाच्या बाण्यात अडकवत अडकवत जातात, त्यामुळे करवतीसारखे दाते पडतात. तेव्हापासून मी दोन फडकी सरळ शिवणीने जोडायचं सोडलं, एकाचे दाते दुसऱ्यात बसवते, वेळ तिप्पट जातो पण जोड घट्ट बसतो आणि दिसतोही जिवंत.

रंगाचं मात्र आधीच सांगून ठेवते कारण माझं एक फडकं त्यात गेलंय. गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी पंधरा-वीस दिवस आंबवलं की लोखंडाचं पाणी तयार होतं, आणि हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर ते काळंभोर चढतं. मला अजून काळं पाहिजे होतं म्हणून मी रात्रभर बुडवून ठेवलं. लोखंड जास्त झालं की सुती धागा ठिसूळ होतो, हे मला माहीत नव्हतं. काही महिन्यांनी घडी उघडली तर आधीच झिजलेलं ते कापड घडीवरच फाटत गेलं. ज्या काकूंचं होतं त्यांना सांगताना फार वाईट वाटलं. आता काही मिनिटंच ठेवते आणि लगेच भरपूर पाण्यात खळबळते. पळसाची फुलं वापरायची असतील तर कापडाला आधी हिरडा आणि मग तुरटी दे, नुसतं फुलांच्या पाण्यात टाकलं तर पिवळा येतो पण धुण्यात जातो, आणि तुरटी देऊनही उन्हात लटकवू नको.

हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, अख्खा घे आणि घरी कुट. पळस शिमग्याच्या आसपास फुलेल, तोवर घरातली फडकी, पोती, आजीची जुनी गोधडी असं एक एक उजेडात धरून पाहा आणि जिथे झिजलंय तिथलं पेन्सिलने वहीत काढून ठेव. आणि हो, दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आधी घरी सांगून ठेव की चिंध्या जाळू नका, आमच्याकडे दोन अशाच चुलीत गेल्या.