गेमिंग आणि रात्री पिक्चर बघायला ५ हजारात ७.१ सराउंड हेडफोन कोणता घेऊ? (सातारा)

भावा, तू लिहिलंयस की साताऱ्यात रूमवर राहतोस, पीसीवर व्हॅलोरंट खेळतोस, मोबाईलवर बीजीएमआय, आणि रात्री रूममेट झोपल्यावर पिक्चर बघायचेत. माझं ऐकशील तर ते बॉक्सवरचं ७.१ आधी डोक्यातनं काढून टाक. पाच हजारात चांगला स्टीरिओ हेडफोन घे, सराउंड तुला फुकटात मिळतंय.

७.१ म्हणजे खोलीत मांडलेले ७ स्पीकर आणि १ सबवूफर. हेडफोनमधे ते बसणार कुठं? बहुतेक ७.१ हेडसेटमधे ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) दोनच असतात, एका कानाला एक, बाकी सगळं काम सॉफ्टवेअरचं. आणि ते चालतंही, कारण कान आपल्यालाही दोनच आहेत. उजवीकडनं आवाज आला की उजव्या कानाला तो आधी पोचतो, डाव्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकानं उशिरा आणि मधे डोकं आल्यामुळं जरा दबून, तेवढ्यावर मेंदू दिशा पकडतो, आणि पुढनं आला का मागनं हे बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळं कळतं. हाच हिशोब सॉफ्टवेअर करतं, त्याला एचआरटीएफ म्हणतात. फक्त प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, म्हणून तुझ्या मित्राला जे सराउंड भारी वाटतं ते तुला वाटेलच असं नाही.

खरोखर जास्त ड्रायव्हर घातलेले हेडसेटही निघाले होते, रेझरच्या टियामॅट ७.१ मधे एका कानाला ५ ड्रायव्हर होते. पण सगळे कानाला चिकटूनच, मग लांबचा आवाज लांबनं आल्यासारखा वाटायचा कसा? वर वजन आणि किंमत. हायपरएक्सचा क्लाउड २ बघ, लोक त्याला ७.१ म्हणूनच ओळखतात, पण ते ७.१ त्याच्या यूएसबी साउंड कार्डात आहे, तेच हेडफोन ३.५ एमएम पिननं मोबाईलला लावले की साधे स्टीरिओ. म्हणजे पैसे कशाचे द्यायचे तर ड्रायव्हर, माइक आणि कानावरच्या गादीचे.

विंडोज १० किंवा ११ असेल तर साउंडच्या सेटिंगमधे जाऊन विंडोज सोनिक, म्हणजे विंडोजचं स्वतःचं हेडफोनचं सराउंड, चालू कर, त्याला पैसे लागत नाहीत. डॉल्बी अ‍ॅटमॉस फॉर हेडफोन्स हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, आधी ट्रायल मिळते ती वापरून बघ आणि कानाला फरक जाणवला तरच घे. पण एक गोष्ट नक्की पाळ, व्हॅलोरंटमधे स्वतःचं एचआरटीएफ आहे, ते चालू केलंस तर विंडोजचं आणि हेडसेटचं सराउंड दोन्ही बंद. दोन ठिकाणी प्रोसेसिंग झालं की पावलांचा आवाज हौदातनं आल्यासारखा घुमतो आणि दिशा लागतच नाही. पिक्चरलाही तेच, मूळ ऑडिओ ५.१ किंवा अ‍ॅटमॉस असेल तर सराउंड चालू कर, यूट्यूबवरचं साधं स्टीरिओ असेल तर बंदच बरं.

आता वायर का ब्लूटूथ. गेमसाठी ब्लूटूथ नको, साध्या ब्लूटूथला आवाज १५०-२०० मिलिसेकंद मागं राहतो, गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते. शिवाय पीसीवर माइक चालू केला की बऱ्याचदा सगळा आवाजच फोन कॉलसारखा पातळ होतो. वायरलेस पाहिजेच असेल तर २.४ गिगाहर्ट्झ डाँगलवाला (यूएसबीत छोटा रिसीव्हर लावायचा तो) बघ, पण तुझ्या बजेटमधे वायरवालाच दमदार मिळेल. आणि हो, तुझ्या कॅबिनेटला माइक आणि हेडफोनची भोकं वेगवेगळी असतील आणि हेडसेटला एकच पिन असेल तर स्प्लिटर लागणार, बॉक्समधे आहे का ते दुकानातच बघून घे. उद्या पीएस५ घेतलास तरी हाच हेडफोन कंट्रोलरच्या ३.५ पिनला लागतो आणि ३डी ऑडिओ कन्सोलच करतो. टीव्हीला लावायचा असेल तर मात्र मागं हेडफोन जॅक आहे का बघ, बऱ्याच नव्या टीव्हींना तो नसतो.

ऑनलाइन घेण्याआधी पोवई नाक्याकडं एखाद्या दुकानात जाऊन दोन-तीन डोक्यावर चढवून बघ, आणि जरा वेळ ठेव, लगेच काढू नको. मी सांगलीचा, तंबोरे बनवणारं मिरज शेजारीच, त्यामुळं कुठलाही हेडफोन घ्यायच्या आधी मी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून ऐकतो. ती गुंजन दोन्ही कानांत सारखी भरली पाहिजे, एका बाजूला झुकली किंवा तारेचा आवाज चिरका लागला तर तो पीस लगेच खाली ठेवतो. बॉम्बस्फोटाच्या डेमोवर कुठलाही हेडफोन भारीच वाटतो, त्यावर जाऊ नको.

गादीकडं लई लक्ष दे. आपल्याकडं एप्रिल-मे मधे रेक्झिनच्या गादीत कान उकडून निघतात आणि घामानं रेक्झिन सोलायला लागतं, कापडी गादी किंवा बदलता येणारी गादी असलेला घे. ओपन बॅकचा, म्हणजे कप मागनं उघडे असलेल्याचा, आवाज मोकळा, मैदानात उभं राहून ऐकल्यासारखं वाटतं, मला तोच जास्त आवडतो, पण त्याचा आवाज बाहेर जातो, रूममेट झोपलेला असताना चालणार नाही. तुला क्लोज्ड बॅकच, म्हणजे मागनं बंद असलेला.

क्लोज्ड बॅकचा अजून एक फायदा, फॅनचा आवाज अडतो म्हणून व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही मोठ्या माणसाची मर्यादा आहे, आणि आवाज थोडा वाढला तरी तास झपाट्यानं कमी होतात. पावलं ऐकू यावीत म्हणून पोरं फुल्ल व्हॉल्यूम ठेवतात, तसं करू नको भावा, इक्वलायझरमधे बेस थोडा उतरव, कमी आवाजातही पावलं स्वच्छ येतील.

पीसीला कुठला मदरबोर्ड आहे तेवढं कमेंटमधे टाक, समोरच्या जॅकला खरखर येत असेल तर साधं यूएसबी साउंड कार्ड लावून काम होतं, तेही त्याच बजेटात बसवू.