तमिळनाडूत नटांच्या चाहत्यांमध्ये खरंच एवढी हाणामारी व्हायची का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या काळातल्या एका तमिळ मारधाडपटात दोन नटांचे फॅन क्लब एकमेकांच्या जिवावर उठलेले दाखवलेत, ते खरं की पटकथेसाठी रचलेलं? आणि ते नट स्वतःही एकमेकांचे वैरी होते का?

वैर खरं होतं. त्याची धग मला धारावीत लागली, कारण माझं लहानपण तिथल्या एका चाळीत गेलं आणि आमच्या भिंतीला भिंत लागून तिरुनेलवेलीकडचं एक कुटुंब राहायचं. पहाटे त्यांच्याकडे इडल्या वाफायला लागल्या की आमच्या खोलीतसुद्धा दमट वास यायचा. घरातल्या थोरल्यांना आम्ही सगळी पोरं अप्पाच म्हणायचो. अप्पा ‘शिवाजी कच्ची’चे. कच्ची म्हणजे पक्ष. त्यांच्या गावात लहान पोरालाही विचारायचे, तू एमजीआर कच्ची की शिवाजी कच्ची? तिसरं उत्तर नसायचं.

एमजीआर म्हणजे नट एम. जी. रामचंद्रन, आणि हा शिवाजी म्हणजे नट शिवाजी गणेशन. मूळ नाव विळुप्पुरम चिन्नय्या गणेशन. द्रविड चळवळीतले नेते अण्णादुराई यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या नाटकात १९४० च्या दशकात त्यांनी महाराजांची भूमिका केली, ती पाहून त्या चळवळीचे पुढारी पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. ती भूमिका आधी एमजीआर करणार होते. अप्पा ही गोष्ट माझ्या वडिलांना दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येताना सांगायचे, आणि वडीलही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचे.

भांडणाचं मूळ मात्र पडद्याबाहेर होतं. दोघेही सुरुवातीला द्रविड चळवळीच्या गोतावळ्यातले. १९५२ चा ‘पराशक्ती’ हा शिवाजींचा पहिला चित्रपट, त्याचे संवाद करुणानिधींचे. पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यावर शिवाजी तिरुपतीला जाऊन आले. देव न मानणाऱ्या चळवळीत त्यावरून गहजब झाला. ते दूर झाले आणि नंतर कामराजांच्या काँग्रेसकडे वळले. एमजीआर अण्णादुराईंच्या द्रमुक पक्षाचा चेहरा झाले. म्हणजे ज्या भिंतीवर कुणाचं पोस्टर लावायचं यावरून पोरं भिडायची, ती भिंत द्रमुकची की काँग्रेसची हाही प्रश्न त्यातच असायचा. तुमच्या चित्रपटात राजकारण बाजूला ठेवून नुसतेच चाहते भांडताना दाखवले असतील, तर अर्धी गोष्ट गाळली आहे असं खुशाल समजा.

हाणामारी रोज व्हायची असं नाही. रोज व्हायचे ते बारीकसारीक उपद्व्याप. रात्रीतून समोरच्याच्या पोस्टरवर शेण मारायचं. खळ ओली असतानाच आपलं पोस्टर त्यावर चढवायचं. थिएटरबाहेर उभं राहून ‘हाऊसफुल’ची पाटी लागली की नाही हे डोळ्यात तेल घालून बघायचं, आणि लागली नाही की गावभर सांगत सुटायचं. अप्पांकडे एक लांबट, हिशेबाची असते तशी वही होती. त्यात शिवाजींचा कुठला चित्रपट मदुराईला किती दिवस चालला, तिरुनेलवेलीला किती, शंभर दिवस कुठे भरले, १७५ कुठे, सगळं निळ्या शाईत मांडलेलं. शंभरी हुकली असेल तिथे शेजारी कारण लिहिलेलं: पाऊस, परीक्षा, थिएटरवाल्याची लबाडी. मला तमिळ वाचता येत नव्हतं, पण अप्पा बोट ठेवून सांगायचे. असे हिशेब ठेवणारे शिवाजीभक्त तमिळनाडूत पुष्कळ होते, आजही आहेत.

चाहत्यांच्या या मंडळाला तिकडे ‘रसिगर मंड्रम’ म्हणतात. आपल्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ डोळ्यांसमोर आणा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्गणी, फलक, आणि एक जागा जिथे संध्याकाळी पोरं बसतात. हमाली करणारा, सायकलरिक्षा ओढणारा, हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा तिथे सचिव होतो. दिवसभर त्याला ‘ए’ म्हणून हाक मारणारी माणसं संध्याकाळी फलकावर त्याचं नाव वाचतात. मला विचाराल तर सगळ्या मारामारीच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. नटाचा अपमान झाला की या पोराला जे एकच मोठेपण मिळालेलं असतं, तेच कुणीतरी फाडल्यासारखं होतं. त्यांना वेडे म्हणून मोकळं होणारे लोक भेटले की मला अजूनही राग येतो. हीच पोरं रक्तदान करायची, नटाच्या वाढदिवसाला वह्या वाटायची.

एमजीआरना हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोलवर कळलं. पडद्यावर ते सिगारेट ओढत नसत, दारू पीत नसत. नावाडी झाले, रिक्षावाले झाले, आणि शेवटी जिंकायचेच. १९६२ च्या ‘पासम’मध्ये त्यांचं पात्र मरतं, ते चाहत्यांना अजिबात रुचलं नव्हतं. शिवाजींचं उलट. त्यांच्या मरणाच्या प्रसंगासाठीच लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. ‘कट्टबोम्मन’साठी १९६० साली कैरोच्या महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला होता. त्यामुळे टोमणे ठरलेले: तुमच्याला अभिनय येत नाही, तुमचा नुसता रडतो.

जानेवारी १९६७ मध्ये एम. आर. राधा या नटाने एमजीआरवर गोळी झाडली. मानेला बँडेज बांधलेल्या एमजीआरचं पोस्टर निवडणुकीत भिंतींवर लागलं आणि ते इस्पितळातूनच निवडून आले. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रमुकने त्यांना काढलं, त्याच महिन्यात त्यांनी अण्णाद्रमुक काढला. नव्या पक्षाला कार्यकर्ते कुठून मिळाले? गावोगावचे मंड्रम तयारच होते, फलक तेवढे बदलले. १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले ते मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर. शिवाजींनी १९८८ मध्ये स्वतःचा पक्ष काढून बघितला, १९८९ ला तिरुवैयारुमधून स्वतः उभे राहिले आणि हरले. अप्पांच्या वहीत त्या निवडणुकीचं काहीच नव्हतं.

पुढची पिढी रजनी आणि कमलची. अप्पांचा थोरला, आमचा अण्णा, रजनीवाला. रजनीकांत म्हणजे बंगळुरात मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, त्यामुळे चाळीतली मराठी पोरं आपोआप अण्णाच्या बाजूची. पलीकडची गल्ली कमलची. १९८७ च्या दिवाळीला, २१ ऑक्टोबरला, रजनीचा ‘मनिदन’ आणि कमलचा ‘नायकन’ एकाच दिवशी आले. ‘नायकन’ तर धारावीचीच गोष्ट सांगणारा, मग पलीकडच्यांच्या अंगात आलं तर नवल काय! १९९१ च्या दिवाळीलाही तेच, ‘दळपती’ विरुद्ध ‘गुणा’. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो आणि मैद्याची खळ शिजवायचं काम माझ्याकडे होतं. कटआउटला दुधाचा अभिषेक करायला पैसे जमवले होते, दूधही आणलं होतं. आणि ऐन रात्री भांडण लागलं ते आमच्या आमच्यातच: बॅनरवर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. पेंटरने ब्रश खाली ठेवला. शेवटी अण्णाने स्वतःचं नाव सगळ्यात खाली लिहायला सांगितलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. तुमच्या चित्रपटात असा प्रसंग असेल तर लिहिणारा माणूस मंड्रममध्ये बसून उठलेला आहे, हे नक्की.

त्यानंतरच्या पिढीतले नट विजय आणि अजित, त्यांच्या चाहत्यांचं वैर तुम्ही फोनवर बघतच असाल. अजितने २०११ मध्ये आपले सगळे मंड्रम बरखास्त केले. विजयने उलटी वाट धरली. त्याच्या संघटनेतली पोरं २०२१ मध्ये ग्रामीण स्थानिक निवडणुकांत शंभराहून जास्त जागांवर निवडून आली आणि २०२४ मध्ये त्याने पक्ष काढला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एमजीआर आणि शिवाजी एकाच चित्रपटात एकदाच दिसले, १९५४ च्या ‘कूंडुक्किळी’मध्ये. तो पडला आणि नंतर तो जुगार कुणी खेळला नाही. पण शिवाजी एमजीआरना ‘अण्णन’ म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. रजनी-कमलचंही तसंच. सत्तरच्या दशकात दोघांनी मिळून कितीतरी चित्रपट केले, मग ठरवून वेगळे झाले, मैत्री राहिली.

एमजीआर २४ डिसेंबर १९८७ ला गेले. तमिळनाडूत जाळपोळ झाली, काही चाहत्यांनी जीव दिला. मी दहा वर्षांचा होतो. त्या सकाळी आमच्या खोलीत इडलीचा वास आला नाही म्हणून आई शेजारी बघायला गेली, मी तिच्या मागे. स्टोव्ह बंद होता. भिजवलेलं पीठ तसंच झाकून ठेवलेलं. अप्पा स्टुलावर चढून भिंतीवरच्या शिवाजींच्या मोठ्या तसबिरीवर काळा कपडा बांधत होते, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती. आईने विचारलं, “अप्पा, हे तर तुमचेच शिवाजी ना? गेले ते एमजीआर.”

“याचा भाऊ गेला,” अप्पा म्हणाले. मग मला खालून कपड्याचं टोक धरायला सांगितलं.